रॉय यांचा विचार आणि त्याची साधने : खानदेशातून केलेला शोध

मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारसरणीवर लघुप्रबंध लिहायला मी घेतला, त्याला कारण फैजपूर होते. मी रावेर तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. आमच्या भागात दर डिसेंबरमध्ये १९३६च्या फैजपूर काँग्रेसविषयी कुणी ना कुणी लिहिते किंवा बोलते. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन, अध्यक्षपदी जवाहरलाल नेहरू, बांबू आणि स्थानिक साहित्यातून नंदलाल बोस यांनी सजवलेले टिळकनगर, धनाजी नाना चौधरी यांनी केलेली उभारणी, साने गुरुजींनी गावोगाव फिरून उपसलेले कष्ट, हे सारे त्या लेखांत येते आणि ते यायलाच हवे. रॉय यांचा उल्लेख मात्र एखाद्या वाक्यात येतो, पुष्कळदा तोही येत नाही. २० नोव्हेंबर १९३६ रोजी डेहराडूनच्या तुरुंगातून सुटलेला हा माणूस अवघ्या महिनाभरात फैजपूरला आला होता आणि अध्यक्षीय भाषणात नेहरूंनी नाव घेऊन त्याचे स्वागत केले होते. १९२०मध्ये मॉस्कोत लेनिनच्या प्रबंधाशेजारी स्वतःचा पुरवणी प्रबंध मांडणारा हा विचारवंत कोणता विचार घेऊन आमच्या केळीच्या मुलुखात उतरला, तेथून दहा-बारा वर्षांत राजकीय पक्षच नको या निष्कर्षापर्यंत तो कसा पोहोचला, आणि धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरला जन्मलेले लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखे शास्त्री-पंडित त्याच्याबरोबर का गेले, हे मला समजून घ्यायचे होते.

विषय ठरला आणि माझ्या मार्गदर्शक सरांनी पहिल्याच बैठकीत एक अट घातली. रॉय यांचे कोणतेही मत लिहिण्यापूर्वी त्याच्यासमोर साल लिहायचे, आणि साल सापडले नाही तर ते मत प्रबंधात घ्यायचे नाही. अट वरवर किरकोळ वाटते, पण पुढचे सारे काम तिच्यावरच उभे राहिले. कारण रॉय एकच नाहीत. बंगालमधील सशस्त्र क्रांतिकारक नरेंद्रनाथ भट्टाचार्य १९१५मध्ये जर्मन शस्त्रांच्या शोधात देशाबाहेर पडले, अमेरिकेत मानवेंद्रनाथ रॉय झाले, मेक्सिकोत समाजवादी आणि मग साम्यवादी झाले, कॉमिन्टर्न म्हणजे मॉस्कोतील आंतरराष्ट्रीय साम्यवादी संघटनेत वरच्या पदांपर्यंत चढले आणि १९२९मध्ये तेथून बाहेर काढले गेले. १९३०च्या अखेरीस गुप्तपणे भारतात परतल्यावर जुलै १९३१मध्ये मुंबईत त्यांना अटक झाली. सुटकेनंतर ते काँग्रेसमध्ये गेले, १९४०मध्ये काँग्रेस सोडून त्यांनी रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष काढला, आणि १९४८मध्ये तो पक्षही विसर्जित करून नवमानवतावादाची, म्हणजे व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि विवेक केंद्रस्थानी मानणाऱ्या विचाराची, चळवळ पुढे नेली. यांतल्या एका टप्प्यावरचे वाक्य उचलून दुसऱ्या टप्प्यावर चिकटवले की विचारसरणीचे चित्र पूर्ण खोटे होते, आणि प्रत्येक शब्द मात्र अस्सल असतो. मराठीत रॉय यांच्यावर झालेल्या उलटसुलट लेखनाचा मोठा भाग या चिकटवण्यातून तयार झालेला आहे, असे माझे मत आता झाले आहे.

सुरुवात मी मराठी विश्वकोशापासून केली. कोश हे अभ्यासाचे शेवटचे साधन नव्हे हे सर्वांना ठाऊक असते, पण कोणत्या नावांच्या, सालांच्या आणि संस्थांच्या मागे जायचे याचा नकाशा तेथे मिळतो, आणि विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव व संदर्भग्रंथ दिलेले असल्यामुळे पुढचा रस्ताही दिसतो. येथे एक गोष्ट मला थांबून विचारात घ्यावी लागली. विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे स्वतः रॉय यांचे निकटचे सहकारी होते आणि रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षात त्यांनी काम केले होते. मग याच कोशातील नवमानवतावादाविषयीचा मजकूर तटस्थ मानायचा का? माझ्या एका सहकाऱ्याने तो बाजूलाच ठेवावा असे सुचवले. मला ते पटले नाही. लेखक आतला माणूस आहे हे कळल्यावर त्याच्या मजकुराकडून काय मिळू शकते आणि काय मिळू शकत नाही, एवढेच ठरवायचे असते. विचार काय होता, त्यातील संज्ञा कोणत्या अर्थाने वापरल्या गेल्या, हे आतल्या माणसाइतके नेमके कुणी सांगत नाही. त्या विचाराचा प्रभाव किती पडला आणि तो कुठे अपुरा ठरला, हे मात्र बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावे लागते. विश्वसनीयता ही पुस्तकाच्या कपाळावर लिहिलेली नसते. आपण त्या पुस्तकाला कोणता प्रश्न विचारतो, त्यावर ती ठरते.

मूळ लेखनाकडे वळल्यावर पहिली अडचण प्रतींची आली. रॉय यांची बरीच इंग्रजी पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेली आहेत आणि सावद्यासारख्या गावी बसून ती वाचता येतात, ही मोठीच सोय आहे. पण त्या स्कॅनवर दिलेले नाव आणि साल अनेकदा कुणीतरी घाईने टंकलेले असते. म्हणून मी प्रत्येक पुस्तकाचे आतले शीर्षकपान, प्रकाशकाचे पान आणि प्रस्तावनेखालची तारीख पाहूनच टिपण करू लागले. हे का करावे लागते याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे नवमानवतावादाची बावीस सूत्रे. ही सूत्रे डिसेंबर १९४६मध्ये मुंबईत रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाच्या परिषदेत मांडली गेली, तेव्हा पक्ष अस्तित्वात होता आणि सूत्रांमध्ये त्याला स्थान होते. १९४८च्या डिसेंबरमध्ये कलकत्त्याला पक्ष विसर्जित झाला आणि त्या अनुषंगाने एकोणिसावे व विसावे सूत्र बदलण्यात आले. आता ‘रॉय यांना पक्षविरहित राजकारण हवे होते’ असे विधान करणारा लेखक कोणती आवृत्ती समोर ठेवून बोलतो आहे, हे कळल्याशिवाय त्याच्याशी सहमत किंवा असहमत होता येत नाही. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचल्यावर मला रॉय यांच्या विचारातील ते वळण प्रत्यक्ष दिसले. कोणत्याही भाष्यग्रंथापेक्षा त्या दोन सूत्रांच्या तुलनेतून मी अधिक शिकले.

असाच, पण अधिक गुंतागुंतीचा प्रश्न १९२०च्या पुरवणी प्रबंधाचा होता. कॉमिन्टर्नच्या दुसऱ्या महासभेत वसाहतींच्या प्रश्नावर लेनिन यांनी प्रबंध मांडला आणि रॉय यांनी पुरवणी प्रबंध मांडला, एवढे सर्वच पाठ्यपुस्तकांत असते. लेनिन यांच्या सूचनांनंतर रॉय यांच्या मसुद्यात फेरफार झाले, काही भाग गाळला गेला, काही मवाळ झाला, हे मात्र फार थोड्या ठिकाणी सांगितलेले असते. त्यामुळे मूळ मसुदा आणि संमत झालेला पाठ यांची सरमिसळ पुढच्या अनेक लेखनात झालेली दिसते, आणि रॉय व लेनिन यांच्यातील मतभेद किती खोल होता याविषयीचे दावे त्या सरमिसळीवर उभे राहिलेले दिसतात. या बाबतीत मला गंगाधर अधिकारी यांनी संपादित केलेल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या इतिहासविषयक कागदपत्रांच्या पहिल्या खंडाची मोठी मदत झाली. अधिकारी हे साम्यवाद्यांवरील मीरत कट खटल्यातील आरोपी आणि निष्ठावंत साम्यवादी. रॉय यांच्या उत्तरायुष्याशी त्यांचे जमणे शक्यच नव्हते. तरीही कागदपत्र छापताना त्यांनी पाठभेदांकडे जे लक्ष दिले, ते संशोधकाचे लक्ष आहे. त्यांच्या टिपांमधील निष्कर्षांशी मी अनेकदा सहमत नाही, पण त्यांनी छापलेल्या मजकुरावर मी विसंबते.

येथेच आठवणींचा प्रश्नही येतो. रॉय यांच्या आठवणींचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९६४मध्ये प्रसिद्ध झाले. मेक्सिकोत कॉमिन्टर्नचे रशियन दूत बोरोदिन यांच्या सहवासात आपल्याला मार्क्सवादाची खरी ओळख झाली, लेनिन आपल्याशी कसे बोलले, ताश्कंदला काय घडले, हे सारे त्यात अतिशय वेधक रीतीने आले आहे, आणि वाचणारा त्यात रमून जातो. पण हे लिहिणारे रॉय साम्यवादापासून दूर गेलेले, आयुष्याच्या अखेरीस मागे वळून पाहणारे रॉय आहेत. मध्ये तीस वर्षे, एक तुरुंगवास आणि एक वैचारिक स्थित्यंतर उभे आहे. म्हणून १९२०-२२मधील रॉय यांना काय वाटत होते यासाठी मी त्यांचे १९२२चे ‘इंडिया इन ट्रान्झिशन’ आणि त्याच वर्षी युरोपातून त्यांनी सुरू केलेल्या ‘व्हॅनगार्ड’ या नियतकालिकातील लेखन आधाराला घेतले, तर उत्तरायुष्यात ते आपल्या साम्यवादी काळाकडे कसे पाहत होते यासाठी आठवणी घेतल्या. जेथे दोन्ही जुळतात तेथे मजकूर निर्धास्तपणे लिहिला. जेथे जुळत नाहीत तेथे दोन्ही दिले आणि वाक्यातच त्यांची साले घातली.

विरोधकांची साधने वाचताना मात्र मन वेगळ्या रीतीने सावध ठेवावे लागते. ब्रिटिश गुप्तवार्ता विभागाचे संचालक सेसिल के यांनी आणि त्यांच्यानंतर त्याच पदावर आलेल्या डेव्हिड पेट्री यांनी भारतातील साम्यवादावर तयार केलेले गोपनीय अहवाल पुढे छापून प्रसिद्ध झाले आहेत. रॉय युरोपातून भारतातील कार्यकर्त्यांना जी पत्रे पाठवत, त्यांतील अनेक टपालातच अडवली जात, त्यांच्या नकला काढल्या जात आणि मूळ पत्र पुढे जाऊ दिले जाई. साम्यवाद्यांवरील १९२४च्या कानपूर कट खटल्यात हीच पत्रे पुरावा म्हणून उभी राहिली. त्यामुळे कोणत्या महिन्यात कोणाला पत्र गेले, त्यात काय लिहिले होते, याविषयी पोलिसांच्या कागदांइतके बारकाईचे साधन दुसरे नाही. पण तोच अधिकारी जेव्हा ‘यामागे हेतू असा होता’ असे लिहू लागतो, तेव्हा तो खात्याचा खर्च आणि खात्याची गरज वरिष्ठांना पटवून देत असतो हे विसरता येत नाही. खबऱ्याला बातमीचे पैसे मिळत, आणि बातमी जितकी भयंकर तितकी तिची किंमत. तारीख, पत्ता, पत्राचा मजकूर यांसाठी मी या अहवालांवर भर दिला; हेतू, प्रभाव आणि धोका यांविषयीचे त्यांचे शब्द मी सरकारच्या मनःस्थितीचा पुरावा म्हणून वापरले, चळवळीचा पुरावा म्हणून नव्हे. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर गृह खात्याच्या राजकीय शाखेच्या पुष्कळ फाइली विनामूल्य नोंदणी करून पाहता येतात, आणि प्रांतांकडून दर पंधरवड्याला दिल्लीला जाणारे अहवालही तेथे आहेत. पूर्व खानदेशविषयी शोधताना जिल्ह्याचे जुने नाव आणि इंग्रजी लेखनातील त्याची वेगवेगळी रूपे टाकून पाहावी लागतात. ‘जळगाव जिल्हा’ असा शोध घेऊन १९३६ची फाइल सापडण्याची शक्यता कमी, कारण तेव्हा जिल्हा पूर्व खानदेश म्हणूनच नोंदला जाई.

पक्षांच्या इतिहासांत तर स्थापनेची तारीखसुद्धा भूमिका सांगते. भारतातील कम्युनिस्ट पक्षाची स्थापना मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष ताश्कंद येथे १७ ऑक्टोबर १९२०ला झाली असे मानतो, तर भारतीय कम्युनिस्ट पक्ष डिसेंबर १९२५च्या कानपूर परिषदेपासून ती मोजतो. ताश्कंद मानले तर रॉय संस्थापक ठरतात, कानपूर मानले तर ते बाहेरून प्रेरणा देणारे एक नेते ठरतात. मला विद्यार्थ्यांना हे सांगावेसे वाटते की दोहोंपैकी कोणतीही तारीख देणारे पुस्तक खोटे बोलत नाही, पण लेखक कोणत्या अंगणात उभा राहून लिहितो आहे हे त्या एका ओळीवरून कळते, आणि मग उरलेले पुस्तक कोणत्या काळजीने वाचायचे तेही कळते.

सर्वांत नाजूक भाग दुसऱ्या महायुद्धाच्या काळाचा होता. फॅसिझमचा पराभव ही भारतीय स्वातंत्र्याचीही पूर्वअट आहे असे मानून रॉय यांनी युद्धप्रयत्नांना पाठिंबा दिला आणि १९४२च्या चळवळीपासून ते दूर राहिले. आमच्या जिल्ह्यांत बेचाळीसच्या आठवणी आजही जिवंत आहेत. त्यामुळे या मुद्द्यावर मला जे छापील आणि तोंडी साहित्य मिळाले, त्यात रॉय यांच्याविषयीचा राग स्पष्ट आहे, आणि तो राग समजण्यासारखा आहे. त्यांच्या इंडियन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार संघटनेला युद्धविषयक प्रचारासाठी सरकारकडून दरमहा १३,००० रुपये मिळत होते, ही गोष्ट टीकाकार नेहमी पुढे करतात. येथे मी एक पद्धत पाळली, आणि ती पुढे सर्वत्र उपयोगी पडली. एकमेकांवर आग पाखडणारे दोन पक्ष जेव्हा एखादी वस्तुस्थिती सारखीच मान्य करतात, तेव्हा ती वस्तुस्थिती पक्की धरायची. आणि तिचा अर्थ लावताना ते जेथे वेगळे होतात, तेथे दोघांचे म्हणणे त्यांच्याच नावाने द्यायचे. अनुदान मिळाले हे रॉयवादीही नाकारत नाहीत. ते अनुदान म्हणजे रॉय विकत घेतले गेल्याचा पुरावा होता की आधीच ठरलेल्या भूमिकेसाठी घेतलेले साहाय्य होते, याचे उत्तर शोधताना मी युद्ध सुरू होण्यापूर्वीचे रॉय यांचे फॅसिझमविषयीचे लेखन तपासले. जर्मनीतील घडामोडी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या आणि अनुदानाच्या कितीतरी आधीपासून ते या धोक्याविषयी लिहीत होते. तेवढे प्रबंधात आले. निवाडा वाचकावर सोडला.

आता फैजपूरविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण विचारसरणीचा अभ्यास जेव्हा आपल्या गावापर्यंत येतो तेव्हा साधनांची परीक्षा अधिक कठीण होते. अधिवेशनाचे ठराव आणि अध्यक्षीय भाषण यांसाठी कलकत्त्याहून निघणारे ‘इंडियन अॅन्युअल रजिस्टर’ हे त्या काळातील षण्मासिक मला फार विश्वासाचे वाटले, कारण घटना घडल्यानंतर काही महिन्यांतच, मूळ मजकूर भरपूर देऊन ते छापले जाई. नेहरूंचे भाषण त्यांच्या निवडक वाङ्मयाच्या खंडांतही आहे. दोन ठिकाणचा पाठ ताडून पाहिला. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथ संजीवनी’ या संकेतस्थळावर जुन्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे अंक ठेवले आहेत, आणि डिसेंबर १९३६चे अंक ओळीने वाचताना अधिवेशनाकडे कोणत्या नजरेने पाहिले जात होते याचा अंदाज येतो. मनमाडहून फैजपूरपर्यंत चालत आलेला किसान मोर्चा, तेथेच भरलेली किसान सभेची परिषद आणि काँग्रेसने संमत केलेला शेतीविषयक कार्यक्रम हे तीन धागे एकत्र वाचले, म्हणजे रॉय जेथे उतरले तेथील राजकीय हवा कशी होती ते समजते. क्रॉनिकल हे राष्ट्रीय चळवळीचे पत्र होते, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे. उपस्थितीचा आकडा तर प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे, म्हणून एकही आकडा मी माझा म्हणून दिला नाही.

जळगाव जिल्ह्याचे १९६२चे गॅझेटियर घटनाक्रम जुळवायला उपयोगी पडते. गावोगावच्या स्मरणिका आणि स्वातंत्र्यसैनिकांचे गौरवग्रंथ यांचा मात्र वेगळा विचार करावा लागला. हे साहित्य कृतज्ञतेतून लिहिलेले असते. कोण कुणाच्या घरी उतरले, स्वयंसेवकांच्या जेवणाची व्यवस्था कुणी केली, कोणत्या गावातून बैलगाड्या आल्या, हे तपशील दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. त्याच वेळी, गौरवाच्या ओघात आपल्या माणसाचा सहभाग थोडा मोठा होणे आणि त्याचे पुढे न पटलेले विचार थोडे पुसट होणे हेही तेथे घडते. यावल तालुक्यातील एका वृद्ध गृहस्थांना मी भेटले. गावात सारे त्यांना नाना म्हणतात. अधिवेशनाविषयी बरेच सांगून झाल्यावर ते म्हणाले, “माय, हे समदं आमच्या बापानं पाह्यलं व्हतं, आमी नुसतं आयकलं.” माझ्या वहीत त्यांच्या मुलाखतीच्या वर मी तेच वाक्य लिहून ठेवले आहे, कारण स्वतःच्या माहितीची जात इतक्या स्वच्छपणे सांगणारा साक्षीदार अभ्यासकाला क्वचित भेटतो. नानांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी ज्यांना समकालीन छापील आधार मिळाला त्या मी घटना म्हणून घेतल्या, उरलेल्या घराण्यातील आठवण म्हणून घेतल्या आणि तसे स्पष्ट म्हटले. आठवण म्हणून नोंदवल्याने तिचे मोल कमी होत नाही. काँग्रेसच्या व्यासपीठावरील कोणती माणसे गावाने लक्षात ठेवली आणि कोणती ठेवली नाहीत, याचा तोच खरा पुरावा आहे, आणि रॉय गावाच्या स्मरणात फारसे का राहिले नाहीत या माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला अशा आठवणींतूनच मिळाले.

धुळ्याला मी इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळात गेले ती रॉय यांच्यासाठी नव्हे, हे मान्य केले पाहिजे. तो संग्रह प्रामुख्याने जुन्या काळाचा आहे. पण राजवाड्यांच्या मागे १९२७मध्ये उभी राहिलेली ही संस्था कागदाकडे कसे पाहावे याचे शिक्षण देते. तेथे जुन्या पोथ्या आणि कागद पाहताना कागदाची उगमस्थाने, तो कोणत्या दफ्तरातून आला, नक्कल कुणी केली, हे आधी विचारण्याची शिस्त मनात पक्की झाली, आणि विसाव्या शतकातील छापील पत्रकांनाही मी तेच प्रश्न विचारू लागले. मराठी रॉयवाद्यांच्या लेखनासाठी वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे ‘नवभारत’ मासिक अत्यंत मोलाचे आहे. १९४७पासूनच्या त्याच्या बांधीव खंडांमधून नवमानवतावादावरील मराठी चर्चा त्या त्या महिन्यात कशी चालली होती हे दिसते. पुढे ग्रंथरूप झालेल्या लेखांपेक्षा मासिकातील मूळ लेख मला अधिक उपयोगी वाटतो, कारण शेजारच्या पानावर त्याला उत्तर देणारा माणूसही तेथेच सापडतो. खानदेशातील सार्वजनिक वाचनालयांमध्ये जुन्या मासिकांचे असे गठ्ठे अनेक ठिकाणी आहेत. संगणकातील यादीत ते बहुधा नसतात. दाखलनोंदवही मागून पाहिली आणि ग्रंथपालांना आपला विषय नीट समजावून सांगितला, तर वरच्या माळ्यावरून ते खाली येतात. माझ्यासाठी असे गठ्ठे उतरवून देणाऱ्या ग्रंथपालांचे ऋण मी प्रबंधाच्या पहिल्या पानावर नोंदवले आहे.

अभ्यासकांच्या ग्रंथांविषयी थोडक्यात सांगते. ओव्हरस्ट्रीट आणि विंडमिलर यांचा भारतातील साम्यवादावरचा १९५९चा ग्रंथ शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेत लिहिला गेला. ती छाया त्याच्यावर आहे, पण तळटिपा इतक्या भरघोस आहेत की विधान मान्य नसले तरी त्याचा आधार आपल्याला स्वतः गाठता येतो. हेथकॉक्स यांनी १९७१मध्ये रॉय आणि कॉमिन्टर्नचे धोरण यांवर लिहिलेला ग्रंथ १९३९पर्यंत येतो, त्यामुळे फैजपूरच्या आगेमागे काय चालले होते यासाठी तो मला विशेष उपयोगी पडला. शिवनारायण रे यांनी रॉय यांच्या निवडक लेखनाचे चार खंड संपादित केले आणि विस्तृत चरित्रही लिहिले. ते स्वतः रॉय यांचे अनुयायी होते. तरी त्यांच्या संपादनातील काटेकोरपणा पाहून मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. मात्र ते चार खंड १९३६पर्यंतच येतात. पुढच्या काळासाठी रॉय यांनी १९३७मध्ये सुरू केलेले ‘इंडिपेंडंट इंडिया’ साप्ताहिक आणि १९४९पासून त्याचेच झालेले ‘रॅडिकल ह्युमॅनिस्ट’ यांच्याकडे जावे लागते. प्रत्येक ग्रंथातील दोन-तीन तळटिपा मी मुळापर्यंत तपासत असे. उद्धृत पान काढायचे, आधीचा आणि नंतरचा परिच्छेद वाचायचा, आणि लेखकाने वाक्य प्रामाणिकपणे उचलले आहे का ते पाहायचे. या परीक्षेत जो टिकला त्याच्या उरलेल्या तळटिपांवर मी विश्वास ठेवला. ‘शोधगंगा’ या विद्यापीठीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील प्रबंधांनाही हाच नियम लावला; त्यांतील काही फार कष्टाने लिहिलेले आहेत, काहींमध्ये आधीच्या प्रबंधातील परिच्छेद उद्धरणासह जसेच्या तसे उतरले आहेत, आणि हे ओळखण्याचा मार्ग म्हणजे दोन प्रबंधांत एकाच उद्धरणातील एकच मुद्रणदोष आढळतो का ते पाहणे.

मोबाइलवर फिरणाऱ्या रॉय यांच्या नावाच्या वाक्यांपैकी एकाही वाक्याला मी प्रबंधात जागा दिली नाही. साल नाही, पुस्तक नाही, पान नाही, एवढे कारण पुरेसे होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेही मी केवळ शोधशब्द सुचवण्यापुरती वापरली, कारण त्यांनी दिलेले ग्रंथनाम ग्रंथालयाच्या यादीत ताडून पाहिल्याशिवाय संदर्भ म्हणून धरणे योग्य नव्हे. विद्यार्थी आजकाल पहिला प्रश्न तेथेच विचारतात, म्हणून मी त्यांना हे वर्गात मुद्दाम सांगते, आणि सांगून न थांबता त्यांच्यासमोर एखादे वाक्य घेऊन त्याचे पान शोधून दाखवते. महाविद्यालयातील एका मुलीने रॉय यांच्या नावाचे असे एक वाक्य आणले होते. आम्ही ते बावीस सूत्रांच्या मूळ मजकुराशी ताडून पाहिले, तेव्हा अर्धे वाक्य सूत्रातले आणि अर्धे भाष्यकाराचे आहे हे दिसले. तिला त्या शोधात जो आनंद झाला, तो पाहून पुढच्या वर्षापासून असा एक तास मी नियमित ठेवायचे ठरवले.

प्रबंधाचे फैजपूरवरील प्रकरण आता लिहून झाले आहे. त्यात विधानांच्या तीन पातळ्या मी भाषेतूनच वेगळ्या ठेवल्या. समकालीन आणि परस्परविरोधी अशा दोन साधनांनी दुजोरा दिलेली गोष्ट सरळ भूतकाळात लिहिली. एकाच बाजूच्या साधनात असलेली गोष्ट त्या साधनाचे नाव वाक्यात घेऊन लिहिली. आणि आठवण ही सांगणाऱ्याच्या पिढीसह लिहिली. सरांनी प्रकरण वाचून नानांच्या मुलाखतीचा संपूर्ण लेखी उतारा, त्यांच्याच बोलीत, परिशिष्टात द्यावा अशी सूचना केली आहे, आणि नानांनी त्याला संमती दिली आहे. पुढचे प्रकरण १९४०-४८चे आहे. त्यासाठी रॉय यांची कागदपत्रे जेथे जतन केलेली आहेत त्या दिल्लीतील तीन मूर्ती भवनाच्या ग्रंथालयाकडे मी परवानगीचा अर्ज पाठवला आहे आणि सोबत हव्या असलेल्या पत्रव्यवहाराची, सालवार लावलेली, यादी जोडली आहे.